एंटरप्राइझ जावाबीन्स

मोठ्या उद्योगसंस्थांच्या कामकाजासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या स्वतंत्र, जुळवता येण्याजोग्या घटकांच्या रूपाने जावा या संगणकभाषेत रचण्याची एक प्रमाणित पद्धती. बँका, विमा कंपन्या, विमानवाहतूक, दूरध्वनी सेवा व शासकीय कार्यालये यांच्या संगणकांवर एकाच वेळी शेकडो माणसे एकाच माहितीसाठ्यात भर घालीत व फेरफार करीत असतात. अशा ठिकाणच्या आज्ञावलीत दोन प्रकारची कामे एकत्र आलेली असतात. व्याज कसे आकारावे, आसन कोणाला द्यावे, सवलत कोणाला लागू होते हे त्या त्या धंद्याचे नियम म्हणजे पहिला प्रकार होय. व्यवहार अर्धवट राहू न देणे, अनधिकृत माणसाला अडविणे, अनेकांच्या मागण्या एकमेकींत गुंतू न देणे व दूरच्या संगणकाशी संपर्क ठेवणे हा दुसरा प्रकार असून तो सर्व धंद्यांत जवळजवळ सारखाच असतो. पहिले काम आज्ञावलीकाराने करावे व दुसरे त्याच्याकडून काढून घेऊन एका तयार यंत्रणेवर सोपवावे, या तत्त्वावर ही पद्धती उभी आहे. तिचा पहिला विनिर्देश सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारच्या कामांपैकी कोणते खरोखर नजरेआड करता येते व कोणते करता येत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्या पुढील इतिहासातून मिळाले.

पूर्वपीठिका : या पद्धतीमागील गरज जावा भाषेपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्स ही विमानकंपनी व आय. बी. एम. यांनी मिळून उभारलेली ‘सेबर’ ही आसन-आरक्षण यंत्रणा १९६४ च्या सुमारास पूर्णपणे कार्यान्वित झाली. तीत अनेक शहरांतील कारकून एकाच मध्यवर्ती नोंदवहीवर काम करीत असल्याने एकच आसन दोन प्रवाशांना दिले जाऊ नये, याची हमी संगणकालाच द्यावी लागे. आरंभी अशा प्रत्येक यंत्रणेसाठी ही व्यवस्था नव्याने लिहावी लागत असे. आय. बी. एम. ने १९६९ मध्ये वितरित केलेल्या ‘सी. आय. सी. एस.’ या आज्ञावलीसंचाने हे समाईक काम वेगळे काढले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत १९८० नंतरच्या दशकात तयार झालेली ‘टक्सीडो’ ही यंत्रणा याच परंपरेतील होय. अशा आज्ञावलीसंचांना व्यवहार-नियंत्रक म्हणता येईल.

याच सुमारास घटकांची कल्पनाही मांडली गेली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर परिषद भरविली होती. तीत बेल प्रयोगशाळांतील डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या घटकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन व्हावे, असा विचार मांडला. यंत्र बांधणारा अभियंता प्रत्येक स्क्रू स्वतः घडवीत नाही. सूचीतून हव्या त्या मापाचा निवडतो. आज्ञावलीकाराला मात्र तीच ती आज्ञामालिका पुनःपुन्हा लिहावी लागते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणारी ‘वस्तू’ ही संकल्पना पुढे आली आणि घटकांना सोयीस्कर असे रूप मिळाले.

व्यवहाराची संकल्पना : एका खात्यातून ५,००० रुपये काढून दुसऱ्या खात्यात जमा करावयाचे असल्यास संगणकाला निदान दोन नोंदी कराव्या लागतात. पहिली नोंद झाल्यावर आणि दुसरी होण्यापूर्वी वीज गेली, तर रक्कम एका खात्यातून नाहीशी होते व दुसऱ्यात पोहोचत नाही. म्हणून दोन्ही नोंदी मिळून एकच अविभाज्य कृती मानतात : ती एक तर संपूर्ण घडते किंवा मुळीच घडत नाही. अशा कृतीला व्यवहार म्हणतात. या संकल्पनेला शास्त्रीय बैठक देण्यात जिम ग्रे या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांचा वाटा मोठा असून त्यांना १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. अविभाज्यता, सुसंगती, विलगता व टिकाऊपणा ही व्यवहाराची चार लक्षणे असून त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ हा संक्षेप थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी १९८३ मध्ये रूढ केला.

दूरस्थ वस्तू : १९९० च्या सुमारास मोठ्या मध्यवर्ती संगणकाऐवजी जाळ्याने जोडलेले अनेक लहान संगणक वापरण्याकडे कल वाढला. एका संगणकावरील वस्तूने दुसऱ्या संगणकावरील वस्तूला जणू ती शेजारीच आहे अशा रीतीने हाक मारावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने १९९१ मध्ये ‘कॉर्बा’ हा मानक तयार केला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९३ मध्ये ‘कॉम’ ही घटकपद्धती आणि १९९६ मध्ये घटकांना व्यवहाराची हमी पुरविणारी आपली यंत्रणा बाजारात आणली. व्यवहार-नियंत्रक व घटक हे दोन प्रवाह येथे एकत्र आले.

या अपेक्षेविरुद्ध एक महत्त्वाचा इशारा सन कंपनीच्याच संशोधन प्रयोगशाळेतून मिळाला होता. जिम वॉल्डो, जेफ वायंट, ॲन वॉलरथ व सॅम केंडॉल यांनी १९९४ मध्ये एका लहानशा प्रबंधात असे प्रतिपादन केले की, जवळची वस्तू व दूरची वस्तू यांतील भेद मूलभूत असून तो झाकण्याचा प्रयत्न अखेरीस फसतो. उत्तरास लागणारा विलंब, स्मृतीतील माहितीपर्यंत पोहोचण्याची पद्धत, अंशतः होणारा बिघाड आणि एकाच वेळी चालणाऱ्या क्रिया या चार बाबतींत तो भेद त्यांनी दाखविला. त्यांपैकी अंशतः बिघाड हा सर्वांत अवघड होय. एकाच संगणकावर सर्व काही एकदमच बंद पडते. जाळ्यावर मात्र हाक पोहोचली नाही, की काम होऊन उत्तर वाटेत हरवले, हे हाक मारणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो.

जावा व बीन : सन कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी १९९१ पासून तयार करीत असलेली भाषा मे १९९५ मध्ये ‘जावा’ या नावाने जाहीर झाली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही बनावटीच्या संगणकावर चालावी, हे तिचे मुख्य आकर्षण होते. फेब्रुवारी १९९७ मधील १.१ या आवृत्तीबरोबर ‘जावाबीन्स’ ही घटकपद्धती उपलब्ध झाली. जावा हे नाव कॉफीवरून घेतलेले असल्याने घटकाला कॉफीची बी या अर्थी ‘बीन’ म्हटले गेले. हे पहिले बीन मुख्यत्वे पडद्यावर मांडावयाच्या भागांसाठी होते. एंटरप्राइझ जावाबीन्सशी त्यांचे साम्य नावापुरतेच आहे. याच आवृत्तीत दूरस्थ वस्तूंना हाक मारण्याची सोयही होती. तिच्या रचनेत वॉल्डो व वॉलरथ यांचा सहभाग असल्याने अशा प्रत्येक हाकेत दूरस्थ बिघाडाची शक्यता उघडपणे नोंदविणे तीत सक्तीचे होते.

मूलभूत संकल्पना : पहिला विनिर्देश सन कंपनीतील व्लादा मातेना व मार्क हॅपनर यांनी लिहिला असून त्याच्या घडणीत आय. बी. एम. सारख्या व्यवहार-यंत्रणांच्या उत्पादकांचा सहभाग होता. त्यातील मध्यवर्ती कल्पना धारकाची होय. आज्ञावलीकार बीन लिहितो. बीनला धारण करणारी यंत्रणा, म्हणजे धारक, सर्व्हर तयार करणारी कंपनी पुरविते. बाहेरून आलेली हाक बीनपर्यंत थेट कधीच जात नाही. धारकाने निर्माण केलेली मध्यस्थ वस्तू देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणे ती आधी स्वीकारते, मागणाऱ्याचा अधिकार तपासते, आवश्यक तर व्यवहार सुरू करते व मग हाक आत सोडते. काम संपल्यावर व्यवहार कायम करणे किंवा रद्द करणे हेही तीच करते. त्यामुळे बीनच्या मजकुरात धंद्याच्या नियमांखेरीज काही उरू नये, अशी अपेक्षा असते. त्याच्या बदल्यात बीनला काही बंधने पाळावी लागतात, उदा., त्याने स्वतःहून समांतर क्रिया सुरू करावयाच्या नसतात किंवा संगणकावरील फाइलींना परस्पर हात लावावयाचा नसतो.

बीनचे तीन प्रकार कल्पिलेले आहेत. ‘सेशन बीन’ ग्राहकाच्या वतीने एखादे काम करते. त्यातील स्मृतिरहित प्रकार दोन हाकांच्या दरम्यान ग्राहकाविषयी काहीच लक्षात ठेवीत नसल्याने मोजक्या बीनांचा राखीव संच आळीपाळीने शेकडो ग्राहकांना पुरतो. स्मृतियुक्त प्रकार एकाच ग्राहकाशी बांधलेला असतो व तो दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास धारक त्याची स्थिती तबकडीवर लिहून मुख्य स्मृती मोकळी करतो. ‘एंटिटी बीन’ माहितीसाठ्यातील एखाद्या नोंदीचे, उदा., एका खात्याचे, प्रतिनिधित्व करते. संदेशांच्या रांगेतून येणाऱ्या कामाला प्रतिसाद देणारे तिसऱ्या प्रकारचे बीन २००१ मधील २.० या आवृत्तीत आले.

व्यवहाराविषयीची इच्छा आज्ञावलीत न लिहिता वेगळ्या घोषणापत्रात शब्दांनी नोंदविण्यात येते. ‘आवश्यक’ या अर्थाची नोंद असल्यास चालू व्यवहारात सामील व्हावे, तो नसल्यास नवा सुरू करावा असे धारक समजतो. ‘नवा आवश्यक’ अशी नोंद असल्यास तो स्वतंत्र व्यवहार उघडतो. मूळ देवघेव रद्द झाली तरी ती करण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद तपासनिसासाठी टिकावयास हवी असेल, तर या दुसऱ्या नोंदीचा उपयोग होतो. मात्र ही हमीही सर्वस्वी आपोआप मिळत नाही. धंद्याच्या नियमात अपेक्षित असलेली अडचण, उदा., शिल्लक अपुरी असल्याची सूचना, बीनने कळविल्यास धारक तिला यंत्रणेचा बिघाड मानीत नाही व व्यवहार रद्द करीत नाही. तो रद्द व्हावा असे आज्ञावलीकाराला स्पष्टपणे सांगावे लागते. हे न सांगितल्यास तोवर झालेली नोंद कायम होते आणि व्यवहाराची संकल्पना ज्यासाठी योजली तो धोकाच पुन्हा उभा राहतो.

विनिर्देशाने माणसांच्या कामाचीही विभागणी केली होती. बीन लिहिणारा, बीनांची जुळणी करणारा, ते सर्व्हरवर बसविणारा, सर्व्हर पुरविणारा, धारक पुरविणारा व यंत्रणेची देखभाल करणारा अशा सहा भूमिका त्यात सांगितल्या आहेत. एका कंपनीने लिहिलेले बीन दुसरीने विकत घ्यावे व तिसरीच्या सर्व्हरवर बसवावे, हे मॅकिलरॉय यांचे तीस वर्षांपूर्वीचे स्वप्न या विभागणीत स्पष्ट दिसते.

प्रसार : डिसेंबर १९९९ मध्ये १.१ ही सुधारित आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत ऐच्छिक असलेली एंटिटी बीन तीत सर्व धारकांना बंधनकारक झाली. त्याच महिन्यात सन कंपनीने आपल्या औद्योगिक मानकांचा ‘जे-टू-ई-ई’ हा एकत्रित संच जाहीर केला. आय. बी. एम. चा ‘वेबस्फिअर’ व बी. ई. ए. सिस्टिम्स या कंपनीचा ‘वेबलॉजिक’ हे सर्व्हर या क्षेत्रात अग्रगण्य ठरले. टक्सीडोची जोपासनाही १९९६ पासून बी. ई. ए. कडेच होती, जुनी व्यवहार-यंत्रणा व नवी घटकपद्धती यांचे नाते या एका कंपनीतच दिसून येते. १९९९ मध्ये मार्क फ्लरी यांनी सुरू केलेल्या ‘जेबॉस’ या मुक्त प्रकल्पामुळे असा सर्व्हर विनामूल्यही मिळू लागला.

अडचणी : प्रसाराबरोबर पद्धतीतील दोषही प्रकट झाले. एका साध्या बीनसाठी ते निर्माण करणारा इंटरफेस, त्याच्या कामांची यादी देणारा दुसरा इंटरफेस, प्रत्यक्ष बीन व लांबलचक घोषणापत्र एवढे लेखन करावे लागे. बीन धारकाबाहेर चालतच नसल्याने एखादी लहान दुरुस्ती तपासण्यासाठीही संपूर्ण सर्व्हर सुरू करावा लागे.

याहून गंभीर दोष दूरत्वाच्या कल्पनेत होता. २.० पूर्वीच्या आवृत्त्यांत बीनला मारलेली प्रत्येक हाक तत्त्वतः दूरस्थ मानली जाई. एंटिटी बीनमधील खातेदाराचे नाव, पत्ता व शिल्लक वाचावयाची झाल्यास तीन स्वतंत्र हाका माराव्या लागत. संगणकाच्या आत अशी हाक सेकंदाच्या काही अब्जांश भागांत पूर्ण होऊ शकते. जाळ्यावरून तिला त्याच्या हजारो पट वेळ लागतो. शिवाय शंभर खातेदारांची यादी मागितल्यास अनेकदा माहितीसाठ्याकडे यादीसाठी एक व प्रत्येक खातेदारासाठी एक अशा १०१ पृच्छा जात. आज्ञावलीचा मजकूर वाचणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नसे. हाक जवळची असो वा दूरची, लिहिण्याची रीत जवळपास सारखीच होती. जाळ्यावरील हाकेत बिघाडाची शक्यता नोंदविणे सक्तीचे असले, तरी विलंबाची नोंद करणारी अशी कोणतीही खूण नव्हती. १९९४ च्या प्रबंधातील इशारा अशा रीतीने अनुभवास आला. पुष्कळ ठिकाणी आज्ञावलीकार अनेक किरकोळ हाका एका मोठ्या हाकेत बांधण्याच्या युक्त्या योजू लागले आणि यंत्रणेने वाचवावयाचे श्रम यंत्रणेपासून बचाव करण्यात खर्च होऊ लागले.

२.० या आवृत्तीने एकाच संगणकावरील बीनांसाठी स्थानिक इंटरफेस उपलब्ध करून दिले. दूरत्व झाकता येत नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होती. पुढील वर्षी मार्टिन फाउलर यांनी उद्योगसंस्थांच्या आज्ञावल्यांच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात वस्तूंचे शक्यतो वितरणच करू नये, हा वितरित वस्तूंच्या रचनेचा पहिला नियम म्हणून सांगितला.

प्रतिक्रिया व पुनर्रचना : २००० मध्ये फाउलर, रिबेका पार्सन्स व जॉश मॅकेन्झी यांनी कोणत्याही यंत्रणेच्या बंधनात नसलेल्या साध्या जावा वस्तूसाठी ‘पोजो’ हा शब्द योजिला. साध्या वस्तूंना भारदस्त नाव नसल्यामुळे लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, असे त्यांचे निरीक्षण होते. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी सुरू केलेल्या ‘हायबरनेट’ या प्रकल्पाने साध्या वस्तू माहितीसाठ्यातील नोंदींशी जोडण्याची सोय केली व एंटिटी बीनला पर्याय दिला. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील आज्ञामालिकांतून ‘स्प्रिंग’ हा आज्ञावली-सांगाडा विकसित झाला व त्याची १.० ही आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. वस्तूला लागणारी साधने तिने स्वतः शोधू नयेत, ती तिला बाहेरून पुरविली जावीत, हे त्याचे सूत्र होते. स्प्रिंगने दूरस्थ हाकांचा आग्रह सोडला व एंटिटी बीन टाळले. परंतु व्यवहाराची इच्छा शब्दांनी घोषित करण्याची व मध्यस्थ वस्तूने ती अमलात आणण्याची मूळ पद्धत मात्र कायम ठेवली.

मूळ विनिर्देशाच्या कर्त्यांनीही या अनुभवाची दखल घेतली. लिंडा डीमिकेल यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ३.० ही आवृत्ती मे २००६ मध्ये संमत झाली. २००४ मधील जावाच्या पाचव्या आवृत्तीत मजकुरातच खुणा लिहिण्याची सोय झालेली होती. तिचा उपयोग करून साध्या वस्तूवर एक खूण केली की ती बीन व्हावी, अशी व्यवस्था करण्यात आली. घोषणापत्र ऐच्छिक झाले, विशेष नोंद नसल्यास ‘आवश्यक’ हीच व्यवहाराची रीत गृहीत धरण्यात आली आणि एंटिटी बीनची जागा हायबरनेटसारख्या साधनांच्या अनुभवावर आधारलेल्या नव्या पद्धतीने घेतली. २०१३ मधील ३.२ या आवृत्तीत जुन्या एंटिटी बीनला आधार देण्याचे बंधन धारकांवर उरले नाही. त्याच वर्षी व्यवहाराची खूण बीन नसलेल्या अन्य वस्तूंवरही करण्याची प्रमाणित सोय झाली. म्हणजे व्यवहाराची घोषणा बीनपासून वेगळी होऊन स्वतंत्रपणे नांदू लागली.

हस्तांतर : जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली. २०१७ मध्ये तिने औद्योगिक जावाचा संपूर्ण संच एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपविण्याचा निर्णय केला. जावा हे व्यापारचिन्ह ओरॅकलकडेच राहिल्याने २०१८ मध्ये संचाचे नाव बदलून ‘जकार्ता’ असे ठेवण्यात आले. जावा बेटावरील प्रसिद्ध शहराचे नाव यासाठी घेतले गेले. डिसेंबर २०२० मधील नवव्या आवृत्तीत आज्ञावल्यांच्या आत येणारा ‘जावाएक्स’ हा नामोपसर्गही ‘जकार्ता’ असा बदलला. त्यामुळे जुन्या आज्ञावल्या नव्या सर्व्हरवर नेताना, आशय तोच असूनही, असंख्य ओळींत एकेक शब्द बदलणे भाग पडले. या पद्धतीचे नावही आता ‘जकार्ता एंटरप्राइझ बीन्स’ असे आहे.

मूल्यमापन : घटकांची मोठी बाजारपेठ निर्माण करण्याचे ध्येय या पद्धतीला गाठता आले नाही. एका धंद्याचे नियम दुसऱ्याला जसेच्या तसे क्वचितच उपयोगी पडतात. त्यामुळे विकत घेतले गेले ते मुख्यतः धारक, बीन नव्हेत. विनिर्देशातील सहा भूमिकाही पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. तथापि समाईक काम एकदाच नीट करून सर्वांना उपलब्ध करून द्यावे, हे तिचे मूळ तत्त्व टिकून राहिले व तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही ते उचलले.

या इतिहासातून एक विवेक हाती लागतो. व्यवहाराची अविभाज्यता धारकावर सोपविता आली, कारण सर्वच्या सर्व किंवा काहीच नाही एवढीच तिची मागणी असून ती एका शब्दात घोषित करता येते. दूरत्व सोपविता आले नाही. विलंब व अंशतः बिघाड हे गुण जाळ्याचे असून ते झाकल्याने नाहीसे होत नाहीत. ते सोसण्याची वेळ मात्र ज्याला त्यांची कल्पना नाही अशावर येते. २०१४ च्या सुमारास मोठ्या आज्ञावलीचे लहान लहान स्वतंत्र सेवांत विभाजन करण्याची रीत पुन्हा रूढ झाली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांनी दूरस्थ हाक महाग असते व ती निष्फळ ठरू शकते, हे गृहीत धरूनच रचना करण्यावर भर दिला. यंत्रणेने माणसाचे श्रम हलके करावेत; परंतु ज्या गोष्टीचा परिणाम त्यालाच भोगावयाचा आहे ती त्याच्या नजरेआड करू नये, हा धडा एंटरप्राइझ जावाबीन्सच्या यशात व अपयशात सारखाच दिसून येतो.